जीपच्या हरिकेन इंजिनात नवा कॅम: एंड प्ले मोजताना

कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उचलणारा दांडा) हाताने पुढेमागे ढकलायचा, ‘टक’ असं वाजलं की एंड प्ले, म्हणजे पुढेमागे सरकायचा वाव, आहे म्हणायचं आणि कव्हर लावून मोकळं व्हायचं, अशीच आपल्याकडची बहुतेक इंजिनं बंद होतात. नागपुरात जुन्या जीपचं काम करणाऱ्या मिस्त्र्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘हलून राहिला न भाऊ, मंग झालं.’ हलतो हे खरंच. पण तो ०.१० मिमी हलतो की ०.३० मिमी, हे बोटांना कळत नाही, आणि या इंजिनात बरं-वाईट ठरतं ते नेमकं तेवढ्याच फरकावर.

इंजिन होतं हरिकेन एफ-१३४, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं पेट्रोल. विलीजने १९५३ मध्ये सीजे-३बी आणली ती याच इंजिनासाठी, आणि इंजिन उंच म्हणून त्या गाडीचं बॉनेटही उंच झालं. महिंद्राने ती इथे पुढे बरीच वर्षं बनवली. बहुतेक जीपवाल्यांनी मधल्या काळात पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, त्यामुळे मूळ हरिकेन असलेली जीप हाती आली की ते टिकवायची धडपड असते. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. दोन्हींना उचलणारा कॅम एकच, ब्लॉकमध्ये खाली. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब (व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा) माथ्याशी चपटा झाला होता आणि त्याच्या टापेटच्या (लोबवर टेकून वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) तळाला बशीसारखा खड्डा पडला होता. म्हणून नवा कॅम, आठही नवे टापेट, पुढचं नवं बुश आणि नवा फायबरचा टायमिंग गिअर आणला. थ्रस्ट प्लेट आणि स्पेसर जुनेच ठेवायचं ठरलं होतं. ते ठरवणं चुकीचं होतं, पण ते मोजल्यावर कळलं.

या इंजिनाचा एंड प्ले ४ ते ७ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), म्हणजे ०.१० ते ०.१८ मिमी. तुलनेसाठी, पर्किन्स ४.२३६ या डिझेल इंजिनाला ०.१० ते ०.४१ मिमी चालतो. तिथे हाताने हलवून बघणाऱ्याचंही निभावून जातं. हरिकेनची खिडकी जेमतेम ०.०८ मिमीची आहे, वहीच्या एका कागदाएवढी.

आता हा प्ले येतो कुठून ते आधी समजून घ्यावं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. कॅमच्या पुढच्या जर्नलला, म्हणजे बुशमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, एक खांदा आहे. खांद्याला टेकून कॅमच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक पोलादी रिंग बसते, ती स्पेसर. स्पेसरच्या भोवती, त्याला न चिकटता, थ्रस्ट प्लेट असते आणि ती दोन स्क्रूंनी ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर आवळलेली असते. मग चावीवर (गिअर कॅमवर घसरू न देणाऱ्या छोट्या पोलादी तुकड्यावर) गिअर सरकवायचा, पुढून वायसर आणि मधला बोल्ट लावायचा. बोल्ट आवळला की गिअरचा हब (मधला पोलादी भाग) स्पेसरला दाबतो आणि स्पेसर खांद्याला. खांदा, स्पेसर आणि हब असे तिन्ही मिळून एक तुकडा होतात आणि प्लेट त्यांच्या मधल्या खाचेत मोकळी राहते. म्हणजे स्पेसर प्लेटपेक्षा जेवढा जाड, तेवढाच कॅमला पुढेमागे सरकायला वाव. बाकी कशाचा संबंध नाही. कॅम नवा की जुना, बुश कोणाचं, ब्लॉक किती घासलेला, यातलं काहीही या मापात येत नाही. स्पेसर प्लेटपेक्षा सुमारे ६ थाऊ, म्हणजे ०.१५ मिमी जाड असावा, असा मूळ मॅन्युअलचा अंदाज आहे आणि तो बरोबर आहे.

आधीच्या एल-१३४ इंजिनात टायमिंग चेन होती तेव्हा हा प्रकारच नव्हता. तिथे पुढच्या कव्हरातला स्प्रिंगचा दट्ट्या कॅमला मागे दाबून ठेवायचा. गिअर आल्यावर प्लेट आणि स्पेसर आले.

प्ले जास्त झाला तर काय बिघडतं? इथे बहुतेक जण फक्त आवाजाचं बोलतात. आवाज येतोच, आयडलला पुढून हलकीशी खटखट, जी लोक टापेटची समजतात आणि टापेट विनाकारण पुन्हा पुन्हा लावत बसतात. पण खरं नुकसान प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे होतं. कॅमवरच्या तिरप्या दात्यांचा गिअर ऑईल पंप फिरवतो आणि पंपाचा शाफ्टच वर डिस्ट्रिब्युटरला फिरवतो. कॅम न फिरता नुसता पुढे सरकला तरी त्याचे दाते पंपाच्या गिअरला रॅकसारखे ढकलतात. पंपाच्या गिअरची त्रिज्या १२ मिमी धरली तर ०.३० मिमी सरकण्याने तो जवळपास १.४ अंश फिरतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणजे क्रँकवर हा फरक २.८ अंशांपेक्षा जास्त. या इंजिनाचं ठिणगीचं मूळ टायमिंगच पिस्टन वर पोचण्याच्या ५ अंश आधीचं. निम्म्याहून जास्त टायमिंग कॅमच्या सरकण्यात गेलं तर टायमिंग लाइटखाली खूण नाचणारच. मग पॉइंट बदला, कंडेन्सर बदला, डिस्ट्रिब्युटरचं बुश बदला, हे सगळं सुरू होतं.

प्ले कमी पडला तर मात्र आवाज येत नाही, थेट नुकसान होतं. प्लेटच्या दोन्ही बाजूंना तेलाची फिल्म राहायला जागा लागते. ती नसली की हब प्लेटला खरडतो, प्लेट निळी पडते, आणि फायबर गिअरचा पोलादी हब तापला की फायबर त्याच्यापासून सुटायला लागतं. जास्त प्ले महिनोन्‌महिने त्रास देतो, कमी प्ले पहिल्याच तासात गिअर खातो. म्हणून ०.१० च्या खाली कधीही जाऊ नये. ०.१९ निघाला तर आम्ही विचार करू, ०.०८ निघाला तर विचारच करायचा नाही.

उघडण्याच्या कामावर फार लिहीत नाही. कॅम पुढून निघतो, पण त्याआधी ऑईल पंप आणि फ्युएल पंप दोन्ही काढावे लागतात. एकाचे दाते आणि दुसऱ्याचा लिव्हर कॅममध्ये अडकलेले असतात. गिअर पुलरनेच काढायचा. टापेटचे तळ रुंद असल्याने ते खालून, कॅम नसताना घालावे लागतात आणि कॅम आत जाईपर्यंत वर धरून ठेवावे लागतात. त्यासाठी कपडे वाळत घालायचे साधे चिमटे उत्तम. हे आमचं डोकं नाही, मूळ मॅन्युअलमध्येच तसं सांगितलेलं आहे. इतवारीत डझनाने मिळतात, फक्त स्प्रिंग जरा कडक बघून घ्यावेत.

पुढचं बुश ठोकताना त्याचं भोक ब्लॉकच्या तेलाच्या भोकासमोर आलं पाहिजे. तिथूनच पुढच्या जर्नलला आणि पर्यायाने प्लेटला तेल मिळतं. भोक अर्धं झाकलं गेलं तर एंड प्ले कितीही नेमका ठेवा, प्लेट सुकीच चालणार. बाकी तीन जर्नल या इंजिनात थेट ब्लॉकमध्ये फिरतात.

आता मोजणी. पहिल्यांदा मायक्रोमीटर, इंजिनाला काहीही न लावता. ०-२५ चा मायक्रोमीटर, ०.०१ वाचणारा. मे महिना, दुपारी बाहेर ४४-४५ अंश. या गरमीत माप बरोबर येईल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ५ मिमी जाडीचं पोलाद २० अंशांनी तापलं तर सुमारे एक मायक्रॉन वाढतं, म्हणजे मायक्रोमीटरच्या एका रेघेचा दहावा भाग. गरमी सोडून द्या. खरा शत्रू धूळ आहे. दुपारचा गरम वारा सुटला की उघड्या शेडमध्ये प्रत्येक सपाट जागेवर धुळीचा थर येतो आणि त्यातला एक बारीक कण जबड्यात आला तर वाचन सहज ०.०३-०.०४ ने फसवतं. म्हणून प्रत्येक वाचनाआधी जबडे मऊ कागदाने पुसायचे, शून्य बघायचं, मग मोजायचं. दुसरा शत्रू कूलर. कूलरच्या ओल्या हवेत रात्रभर उघडा ठेवलेला ग्राइंड केलेला भाग सकाळी तांबूस दिसतो. स्पेसर, प्लेट आणि मायक्रोमीटर तिन्ही तेलाचा हात फिरवून झाकून ठेवावेत.

स्पेसर चार जागी मोजला. चारही वाचनं ०.०१ च्या आत. प्लेट चार जागी मोजली. दोन्हींच्या फरकातून अपेक्षित प्ले आला ०.१९ मिमी. हद्दीच्या एका केसाने बाहेर. जुनी प्लेट असल्याने आश्चर्य नव्हतं.

मग कॅम आत घातला. लोबवर मोलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट, जर्नलवर साधं इंजिन ऑईल. प्लेटच्या तोंडांवर पेस्ट लावायची नाही, निदान मोजेपर्यंत तरी नाही. ती घट्ट असते, खाचेत दबून राहते आणि डायल गेजवर (सरकणं मोजणाऱ्या घड्याळी मापकावर) ०.०२-०.०३ कमी दाखवते. पातळ तेलाचा एक थेंब पुरे. स्पेसरच्या एका बाजूच्या आतल्या कडेला चॅम्फर (तिरपी कापलेली कड) असेल तर ती बाजू जर्नलकडे, कारण जर्नलच्या मुळाशी गोलाई असते. उलटा बसवला तर स्पेसर त्या गोलाईवर चढून बसतो आणि प्ले आपोआप वाढतो.

गिअर ठोकायचा नाही. हे मोठ्याने सांगावं लागतं, कारण हातोडा हाताशीच असतो. गिअरवर मारलेला घाव कॅममधून थेट मागे जातो आणि ब्लॉकच्या मागच्या तोंडावरचा गोल प्लग सैल करतो. त्या वेळी काही दिसत नाही. गाडी रस्त्यावर आली की तेल क्लचवर येतं आणि मग गिअरबॉक्स उतरवून बघावं लागतं. त्यापेक्षा कॅमच्या पुढच्या भोकात पूर्ण आटे घेणारा लांब स्टड लावायचा, त्यावर जाड वायसर आणि नट, आणि नट फिरवत गिअर ओढून घ्यायचा. या ओढण्याचा जोर गिअर आणि कॅम यांच्यातच राहतो, प्लेटवर येत नाही. मूळ बोल्टनेच ओढायला गेलं तर सुरुवातीचे दोन-तीन आटेच धरतात आणि तेच सोलून निघतात. गिअर बसल्यावर स्टड काढून मूळ बोल्ट आणि वायसर, ३० ते ४० फूट-पौंडांना.

डायल ०.०१ वाचणारा, मॅग्नेटिक बेस ब्लॉकच्या पुढच्या तोंडाशी. डायलची सुई कुठे टेकवायची यावर निम्मं माप अवलंबून आहे. फायबरच्या अंगावर टेकवली तर गिअर थोडा झुकतो आणि तो झुकाव प्ले म्हणून वाचला जातो. बोल्टचं डोकं खडबडीत असतं. हबच्या तासलेल्या तोंडावर, शक्य तितकी मध्याजवळ, आणि दांडी कॅमशी समांतर. दांडी तिरकी असेल तर कॅम जेवढा सरकतो त्यापेक्षा वेगळंच माप वाचलं जातं, आणि तिरकेपणा वाढेल तशी चूक झपाट्याने वाढते. सुई आधी अर्धा मिमी दाबून घ्यायची म्हणजे दोन्ही दिशांना ती सुटत नाही.

कॅम मागे ढकलायला लाकडाचा ठोकळा आणि तळहात. पुढे आणायला गिअरच्या मागून पेचकस घालून उचकटू नये, फायबरचे दाते तसेच तुटतात आणि प्लेटही वाकते. तेलाची टाकी उघडीच होती, म्हणून खालून ब्लॉकच्या आडव्या भिंतीला टेकवून पितळेच्या पट्टीने कॅमलाच पुढे रेटलं, लोबच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला न लावता. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग अजून बसवलेले नव्हते, ते मुद्दामच. स्प्रिंगचा दाब टापेटवरून कॅमवर आला की तो मोकळा सरकत नाही आणि वाचन कमी येतं. इंजिन स्टँडवर आडवंच ठेवायचं. उभं केलं तर कॅमचं वजन त्याला एका बाजूला बसवून ठेवतं.

डायलने दाखवलं ०.३१.

क्रँकने कॅम पाव-पाव फेरा फिरवत चार जागी, प्रत्येक जागी तीन वेळा मोजलं. ०.३० ते ०.३१. म्हणजे हात चुकला नव्हता, वाचन पक्कं होतं. पण मायक्रोमीटर ०.१९ म्हणत होता. सगळ्या कामातली महत्त्वाची जागा हीच. बरेच जण इथे डायलवर विश्वास ठेवून स्पेसर घासायला घेतात, कारण पाहिजे त्यापेक्षा प्ले जास्त आहे आणि जास्त प्लेचा उपाय स्पेसर पातळ करणे हाच आहे. तसं केलं असतं तर दीड तासात चांगला स्पेसर वाया गेला असता. दोन पद्धती एकच गोष्ट सांगत असताना त्यांच्यात ०.१२ चा फरक आला, तर घासायच्या आधी तो फरक शोधायचा.

गिअर पुलरने पुन्हा काढला. प्लेट काढून उजेडात तिरकी धरली तेव्हा निम्मा उलगडा झाला. कॅमचा खांदा जिथे घासतो तिथे एक गोल उथळ वाट पडली होती, दोन्ही बाजूंना कमी-जास्त. मायक्रोमीटरचे सपाट जबडे त्या वाटेच्या कडांवर टेकत होते आणि प्लेटची जाडी खऱ्यापेक्षा जास्त दाखवत होते. कॅम तर वाटेच्या तळाशी टेकतो. वाटेत मावेल अशी छोटी गोटी एका जबड्याशी धरून पुन्हा मोजलं, गोटीचं माप वजा केलं. प्लेट प्रत्यक्षात ०.०३ पातळ. म्हणजे अपेक्षित प्ले ०.२२. अजून ०.०९ चा हिशेब लागत नव्हता.

हबच्या मागच्या तोंडावर मार्किंगच्या निळ्या रंगाचा पातळ हात दिला, गिअर पुन्हा ओढून बसवला, बोल्ट पूर्ण आवळला, पुन्हा काढला. निळ्यावर स्पेसरचं वर्तुळ उमटायला हवं होतं. काहीच नव्हतं. हब स्पेसरपर्यंत पोचतच नव्हता. टॉर्क पाना ‘कट’ म्हणाला होता, बोल्ट पक्का होता, पण तो गिअरला दुसऱ्याच कशावर तरी दाबत होता.

दुसरं काहीतरी म्हणजे चावी. नव्या कॅममधली चावीची खाच थोडी उथळ कापलेली होती. अर्धचंद्राकृती चावी खाचेत पूर्ण खाली न बसता वर उभी राहत होती आणि गिअरच्या खाचेचा माथा तिच्या मागच्या टोकावर अडकत होता. गिअर शेवटच्या ०.०९ मिमीला थांबला होता आणि बोल्टचा सगळा जोर त्या चावीवर. अशा अवस्थेत इंजिन चालवलं असतं तर काही तासांत चावी दबली असती, गिअर आत सरकला असता, बोल्टचा ताण गेला असता आणि मग तो सैल झाला असता. एंड प्ले हा यातला सर्वांत लहान त्रास.

उपाय सोपा आहे. कॅमची खाच खोल करायला जायचं नाही. चावी एमरी पेपरवर घासून तिचा माथा उतरवायचा, गिअरच्या खाचेच्या माथ्यापासून केसभर मोकळी राहीपर्यंत. चावीच्या बाजू घासायच्या नाहीत, त्या घट्टच पाहिजेत, कारण जोर बाजूंवर येतो, माथ्यावर नाही. नंतर निळा पुन्हा लावला, गिअर बसवून काढला, तेव्हा स्पेसरचं पूर्ण वर्तुळ उमटलं. पूर्ण म्हणजे पूर्ण, अर्धवट कोर उमटली तर हबचं तोंड वाकडं आहे असं समजायचं. गिअर बसवून डायल लावला. ०.२२. मायक्रोमीटर आणि डायल यांचं पहिल्यांदा जुळलं.

हबचं तोंड दिसत नसेल, किंवा निळा लावून तीनदा गिअर काढायचा कंटाळा असेल, तर डेप्थ गेजनेही हे पकडता येतं. गिअर बसवण्याआधी स्पेसरच्या तोंडापासून कॅमच्या नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि गिअरच्या हबची लांबी घ्यायची. हब नाकापेक्षा जेवढा लांब, तेवढंच नाक गिअर बसल्यावर हबच्या आत खोल दिसलं पाहिजे. जास्त खोल दिसलं तर गिअर आत गेलेला नाही. नाक हबच्या बाहेर आलं तर आणखी वाईट. मग वायसर हबऐवजी नाकावर टेकतो आणि बोल्ट गिअरला आवळतच नाही.

०.२२ हद्दीबाहेर होतं आणि प्लेटवर वाट पडलेली, म्हणून प्लेट बदलायची. उलटी करून लावण्याचा सल्ला मिळतो. त्याने गिअरला ताजं तोंड मिळतं एवढंच, जाडी तीच राहते. नवी प्लेट आणली. ती जुन्या प्लेटच्या वाटेतल्या जाडीपेक्षा ०.१४ ने जास्त भरली. म्हणजे प्ले ०.०८. आता उलटी बाजू, कमी पडला. नवा भाग आणला म्हणजे माप आपोआप बरोबर येईल हा भ्रम इथे जातो. बाजारात मिळणाऱ्या प्लेटा सगळ्या एका जाडीच्या नसतात. दुकानात जाताना मायक्रोमीटर खिशात असावा, दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

कमी प्लेला दोन उपाय. एक, प्लेट सरफेस ग्राइंडरवर घेऊन पातळ करणे. हिंगण्याच्या एमआयडीसीत हे काम करणारे आहेत, पण एका प्लेटसाठी ते मशीन थांबवत नाहीत, दोन दिवस जातात. शिवाय प्लेट पातळ, चुंबकी टेबलावर थोडी वाकून बसली की सुटल्यावर वाकडीच होते. दुसरा, कॅमचा खांदा आणि स्पेसर यांच्या मध्ये शिम घालणे. आम्ही शिम घेतली, ०.०५ मिमीच्या पोलादी शिम पट्टीची. कात्रीने कापली तर कडेला बारीक धार उभी राहते आणि ती ०.०५ ची सहज ०.०८ होते. म्हणून दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये घट्ट दाबून लेथवर तिचं आतलं आणि बाहेरचं वर्तुळ काढून घेतलं, मग काचेवर बारीक पेपर ठेवून दोन्ही बाजू हलक्या पुसल्या. बाहेरचा व्यास स्पेसरपेक्षा थोडा कमी. तो जास्त झाला तर शिमची कड प्लेटच्या तोंडात जाते, कापली जाते आणि तेलात पोलादाचा चुरा येतो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा शिम म्हणून वापरलेला आम्ही पाहिला आहे. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली पसरतं, बोल्ट सैल होतो. नको.

शिम, स्पेसर, प्लेट, गिअर, बोल्ट. डायल: ०.१३. चार जागी, बारा वाचनं, सगळी ०.१२ ते ०.१३ मध्ये. ही वाचनं जागेप्रमाणे ०.०२ हून जास्त बदलली असती तर प्लेट दोन्ही बाजूंनी समांतर नाही किंवा हब डुलतो, असं धरून पुन्हा उघडावं लागलं असतं.

प्ले जास्त निघाला असता तर स्पेसर घासावा लागला असता. जाड काचेवर ४०० नंबरचा पेपर, वर थोडं रॉकेल, इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने, दर दहा-बारा फेऱ्यांनी स्पेसर पाव फिरवून. बोटाचा दाब एका बाजूला पडतो म्हणून हे फिरवणं. दर वेळी चार जागी मोजायचं. घाईत ०.०२ जास्त निघालं तर परत शिम आली. स्पेसरवर पेपर धरतच नसेल तर तो कडक केलेला आहे, तो ग्राइंडरवरच द्यावा.

एक गोष्ट मोजणीत सहज सुटते. मागचा तो गोल प्लग नवा बसवताना जास्त आत ठोकला गेला, तर कॅमचं मागचं टोक प्लेटच्या आधी त्यालाच टेकतं. मग डायलवर प्ले कमी येतो आणि मिस्त्री प्लेट घासत बसतो. ओळखायची खूण अशी: मायक्रोमीटरच्या हिशेबापेक्षा डायल कमी दाखवतो. डायल जास्त दाखवला तर गिअर बसलेला नाही किंवा प्लेट खाल्लेली आहे, कमी दाखवला तर प्लग किंवा मध्ये अडकलेली घाण किंवा पेस्ट. आमच्याकडे प्लग मुद्दाम सगळ्यात शेवटी, एंड प्ले जमल्यावर बसवला, आणि बसवल्यावर डायल पुन्हा लावला. ०.१३ च राहिला.

मग गिअरांमधला बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक. तो या इंजिनात शून्य ते २ थाऊ, ०.०५ मिमीपर्यंत. फायबरचा नवा गिअर पोलादी क्रँक गिअरवर बसतो तेव्हा तो घट्टच वाटतो, तसाच असावा. मात्र पूर्ण फेऱ्यात एखाद्या जागी अडकत असेल तर एखादा दाता चेपलेला असतो, बहुधा पुलर लावताना. क्रँक आणि कॅम दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर आहेत हे बॅकलॅश मोजताना परत बघून घ्यावं, कारण गिअर दोनतीनदा काढला-घातला की एका दाताची चूक होतेच. गिअरांवर तेल उडवणारा छोटा जेट ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर असतो. त्याच्या भोकातून बारीक तार घालून फुंकून घ्यावा. जुन्या तेलाच्या काजळीने तो बंद झालेला असणं फार सामान्य आहे, आणि फायबर गिअर लवकर खाल्ला जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

मोजणी संपल्यावरच प्लेटच्या दोन्ही तोंडांना पातळ पेस्टचा हात दिला आणि गिअर शेवटचा बसवला. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. ऑईल पंप बसवताना त्याच्या वरच्या खाचेची दिशा बघून बसवायचा, नाहीतर डिस्ट्रिब्युटर भलत्याच कोनात येतो.

नवा कॅम आणि सपाट टापेट असल्यामुळे पहिल्या सुरुवातीला आयडलवर ठेवायचं नाही. तेल आधी पंपात भरून, गेजवर दाब आल्याची खात्री करून इंजिन लावायचं आणि वीस मिनिटं १५०० ते २००० फेऱ्यांच्या मध्ये, थोडं वरखाली करत ठेवायचं. आयडलवर लोबवर पुरेसं तेल उडत नाही आणि नव्या कॅमचा नाश पहिल्या दहा मिनिटांतच होऊ शकतो. मे महिन्यात वीस मिनिटं उभं इंजिन चालवायचं तर रेडिएटरसमोर पंखा लावावा, बॉनेट उघडं, आणि पाण्याच्या तापमानावर एकाने नजर ठेवावी. आम्ही हे पहाटे सहाला केलं, तरी पंखा लावावा लागला.

इंजिन गरम झाल्यावर टायमिंग लाइट लावला. आयडलला खूण ५ अंशांवर उभी राहिली, डावीउजवीकडे नाचली नाही. आयडलची ती पुढची खटखटही गेली होती. तेल गाळून बघितलं, काळसर पेस्ट होती, चमकणारा चुरा नव्हता.